मुंबईच्या मधोमध एक जंगल: नॅशनल पार्क शहरासाठी नेमकं काय करतं?

उपग्रहातून काढलेला मुंबईचा फोटो पाहिला की दाटीवाटीच्या करड्या वस्तीमध्ये एक मोठा हिरवा पट्टा लगेच डोळ्यांत भरतो. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव. पूर्वेला भांडुप, मुलुंड, ठाणे. उत्तरेला घोडबंदर आणि वसईची खाडी. या सगळ्यांच्या मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरांवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलेलं आहे. हे नाव कागदोपत्री. रिक्षावाल्यांपासून बोरिवलीच्या जुन्या रहिवाशांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते नुसतं ‘नॅशनल पार्क’.

रविवारी सकाळी मुख्य गेटपाशी जी गर्दी असते, त्यातल्या बहुतेकांची भेट पहिल्या दीड-दोन किलोमीटरांतच संपते. गांधी टेकडी, बोटिंग, सफारीच्या तिकिटाची रांग, झाडाखाली उघडलेले डबे, संध्याकाळच्या आत परत. त्यात काहीच गैर नाही. लोकलच्या डब्यात आणि दोन खोल्यांच्या घरात आठवडा काढणाऱ्या माणसाला मोकळी हवा आणि पोरांना पळायला जागा लागतेच, आणि इतक्या कमी पैशांत ती देणारी दुसरी जागा या उपनगरांत नाही. पण त्या पट्ट्याच्या मागे जे जंगल आहे, ते शहरासाठी कितीतरी कामं करत असतं. ती कामं कशी चालतात, हे थोडं सावकाश समजून घेऊ. त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येईल: या जंगलाचं बरंवाईट आत खोलवर क्वचितच ठरतं. ते ठरतं त्याच्या कडेला, जिथे झाडी संपून इमारती, चाळी, झोपड्या आणि रस्ते सुरू होतात.

जंगल टिकलं ते पाण्यामुळे

जिथे चौरस फुटावर भाव होतो, त्या शहरात एवढी जमीन मोकळी राहिली कशी? याचं मोठं कारण पाणी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई बेटावरच्या विहिरी आणि तळी वाढत्या वस्तीला पुरेनाशी झाली. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने बेटाच्या उत्तरेला असलेल्या साष्टीच्या डोंगरांत, मिठी नदीच्या वरच्या खोऱ्यात, बांध घालायची योजना मांडली. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात पोहोचलं. मुंबईच्या नळाच्या पाण्याची सुरुवात ती. तेही कमी पडू लागलं तेव्हा आणखी वर, डोंगराच्या कुशीत, तुळशी तलाव बांधला गेला. तो १८७९ मध्ये पुरा झाला.

तलाव बांधला की नुसता बांध राखून भागत नाही. ज्या ज्या उतारावर पडलेलं पावसाचं पाणी वाहत शेवटी त्या तलावात येतं, तो सगळा उतार म्हणजे त्याचं पाणलोट क्षेत्र. तिथे वस्ती झाली, गुरं बांधली, नांगर चालला, तर घाण आणि गाळ थेट पिण्याच्या पाण्यात उतरणार. म्हणून तलावांच्या भोवतालचे डोंगर मोकळे ठेवले गेले आणि झाडी राहिली. स्वातंत्र्यानंतर याच राखलेल्या गाभ्याभोवती जमीन जोडत जोडत राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं.

आता एक हिशेब सरळ मांडायला हवा, कारण याबाबतीत बरीच अतिशयोक्ती होते. मुंबईला रोज ३,९०० दशलक्ष लिटरांच्या आसपास पाणी पुरवलं जातं. त्यात विहारचा वाटा सुमारे ९० आणि तुळशीचा सुमारे १८ दशलक्ष लिटर. दोन्ही मिळून तीन टक्क्यांच्या आत. बाकीचं पाणी भातसा, तानसा, मोडकसागर आणि वैतरणेच्या धरणांतून, शहापूर-मोखाडा-इगतपुरीच्या बाजूने येतं, आणि ज्यांच्या डोक्यावरून ही पाइपलाइन जाते त्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा ‘नॅशनल पार्क मुंबईची तहान भागवतं’ हे आजच्या घडीला खरं नाही. पाण्याच्या बाबतीत त्याचं मोठं काम आज वेगळंच आहे. ते पाणी थोपवून धरतं.

मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. डोंगरउतारावर दाट झाडी असेल तर थेंबाचा जोर आधी पानांवर मोडतो, मग खाली पाचोळ्यावर. मुळांनी, वाळवीने, गांडुळांनी भुसभुशीत केलेली माती बरंचसं पाणी आत घेते. उरलेलं पाणी दगडांच्या आडून, झिरपत, ओहोळाओहोळांनी खाली येतं आणि यायला वेळ घेतं. त्याच उतारावर काँक्रीट असतं तर तेच पाणी तासाभरात नाल्यात धडकलं असतं.

वेळ हाच इथला कळीचा मुद्दा. मुंबईतलं पावसाचं पाणी समुद्रात जातं ते ओहोटीला. भरती असली की खाड्यांची तोंडं भरलेली असतात, पाणी बाहेर निघत नाही, सखल भाग तुंबतो. डोंगरावरचं पाणी काही तास उशिरा खाली आलं तर निदान भरती उतरलेली असण्याची शक्यता वाढते. हा वेळ जंगल मिळवून देतं.

आता पाण्याची वाट पाहा. तुळशी भरला की जादा पाणी विहारकडे उतरतं. विहार भरला की ते मिठी नदीत जातं, पवई तलावाचं ओसंडणारं पाणीही तिलाच मिळतं. मिठी सुमारे १८ किलोमीटर वाहत मरोळ, विमानतळ, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) असं करत माहीमच्या खाडीत जाते. म्हणजे बीकेसीतल्या काचेच्या इमारतीच्या बाजूने वाहणाऱ्या काळ्या प्रवाहाचा उगम बिबट्यांच्या जंगलात आहे. दहिसर आणि पोयसर या नद्याही याच डोंगरांतल्या.

याला मर्यादा आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. इतक्या पावसात मातीही गच्च भरते आणि जंगलही पाणी सोडून देतं. त्या दिवशी मिठीकाठी जे झालं त्यात आकसलेलं पात्र, बुजवलेली खाडी आणि भरती यांचा मोठा हात होता. जंगलाने ते थांबवलं असतं असं नाही. पण वर्षातून दहा-वीसदा येणाऱ्या जोरदार पावसात ते जे करतं, ते न दिसता होऊन जातं, म्हणून त्याची बातमी होत नाही.

दहिसर नदीपाशी जंगलाची कड सगळ्यात स्पष्ट दिसते. पावसाळ्यात पार्कच्या आत पुलावर उभं राहिलात तर तळाचे दगड दिसतील इतकं पाणी नितळ असतं. तीच नदी हद्द ओलांडून वस्तीत शिरली की काही अंतरातच तिच्यात सांडपाणी, तबेल्यांचं शेण आणि प्लास्टिक मिसळतं. नदी तीच, पाऊस तोच. शाळेच्या सहलीत मुलांना या दोन्ही जागा एकाच दिवशी दाखवाव्यात असं मला फार वाटतं.

गारव्याचं थोडक्यात सांगतो. मातीचा माठ ज्या कारणाने गार राहतो, त्याच कारणाने जंगल गार राहतं. पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती भोवतालची उष्णता ओढून घेते. झाडं मुळांनी पाणी ओढतात आणि पानांवाटे वाफ म्हणून सोडतात, शिवाय सावलीमुळे जमीन तापत नाही. डांबर आणि काँक्रीट मात्र दिवसभर तापून रात्री तीच ऊब परत सोडतात. म्हणून उन्हाळ्याच्या रात्री महामार्गावरून गेटच्या आत पाऊल टाकलं की फरक अंगाला कळतो. हा गारवा पार अंधेरीपर्यंत पोहोचतो अशा भ्रमात मात्र राहू नये. तो कडेच्या वस्त्यांना मिळतो, पुढे इमारतींच्या भिंतींनी अडतो. शहरभर गारवा हवा असेल तर गल्लोगल्ली झाडं हवीत. एक मोठं जंगल त्याची भरपाई करू शकत नाही.

कान्हेरी: दोन हजार वर्षांपूर्वीचं पाण्याचं नियोजन

गेटपासून साधारण सहा किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून जास्त लेणी, एकाच डोंगरात, इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं खोदली आणि वापरली गेली. सोपारा, कल्याण, चौल ही तेव्हाची बंदरं आणि व्यापारी पेठा. तिथल्या व्यापाऱ्यांनी, सोनारांनी, भिक्षुणींनी दिलेल्या दानांचे लेख भिंतींवर ब्राह्मी लिपीत आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या, म्हणजे प्रार्थनेच्या दालनाच्या, ओसरीत दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंच बुद्धमूर्ती उभ्या आहेत. लोक त्यांच्यासमोर फोटो काढतात आणि परततात.

माझी विनंती आहे की तिथून वर चढा आणि खाली पायांकडे बघत चाला. खडकात बोटभर ते वीतभर रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या दिसतील. छतावर पडलेलं पाणी त्या पन्हळींतून दाराशेजारच्या टाक्यात जातं. जवळपास प्रत्येक लेण्याला असं टाकं आहे. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलं आहे, आणि पोढी खोदून देणं हे मोठं दान मानलं जाई. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे, हे या जागेचं गणित तिथल्या भिक्षूंना पक्कं ठाऊक होतं. कित्येक टाक्यांत आजही पाणी असतं.

नव्वदाव्या लेण्यात आणखी एक नवल आहे. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये तिथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं पहलवी लिपीत कोरून ठेवली आहेत. हजार वर्षांपूर्वीही माणसं ही जागा बघायला येत होती याचा हा लेखी पुरावा. (म्हणून आज कुणी नाव कोरायला घेतलं तर त्याला हा दाखला देऊ देऊ नका. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूवर ओरखडा काढणं हा गुन्हा आहे.)

बिबटे इतके का, आणि राहतात कसे

नॅशनल पार्कविषयी सगळ्यात जास्त बोललं जातं ते बिबट्यांबद्दल, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिथेच.

आधी मोजणी कशी होते ते पाहू. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके म्हणजे खरं तर छोटी छोटी वलयं असतात, आणि प्रत्येक बिबट्याची त्यांची मांडणी वेगळी असते. डाव्या कुशीवरची मांडणी उजव्या कुशीसारखी नसते. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. मधून ऊबदार शरीर हललं की दोन्ही कॅमेरे एकदम फोटो घेतात आणि एकाच प्राण्याच्या दोन्ही बाजू मिळतात. मग अभ्यासक फोटोंवर फोटो ठेवून वलयं जुळवत बसतात.

पण सगळेच बिबटे कॅमेऱ्यासमोर येतात असं नाही. न दिसलेल्यांचा अंदाज कसा काढायचा? समजा पहिल्या फेरीत २० वेगवेगळे बिबटे ओळखले. दुसऱ्या फेरीतही २० दिसले, पण त्यांतले १० आधीचेच निघाले. याचा अर्थ पहिल्या फेरीत एकूण संख्येच्या निम्मेच दिसले असावेत, म्हणजे सगळे मिळून ४०च्या आसपास. प्रत्यक्षातलं गणित यापेक्षा बरंच किचकट असतं, पण मुळातला विचार हाच. अशा पद्धतीने २०१५ च्या अभ्यासात उद्यान आणि लगतच्या भागात ३५ बिबटे ओळखले गेले. २०२४ च्या अभ्यासात हा आकडा ५४ वर गेला. एवढ्याशा जागेत इतके बिबटे जगात फार थोड्या ठिकाणी असतील.

इतके का? एक तर आत चितळ, सांबर, रानडुक्कर, वानर असं भक्ष्य आहे. दुसरं कारण पुन्हा कडेला सापडतं. कचरा वेळेवर उचलला जात नाही तिथे भटकी कुत्री आणि डुकरं वाढतात, आणि त्यांच्या मागे रात्री बिबट्या येतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात असा अंदाज मांडला होता की इथले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खातात, आणि त्यामुळे कुत्रे चावण्याच्या साधारण हजार घटना टळत असाव्यात. हा अंदाज आहे, मोजदाद नाही. तरी त्यातून नातं कळतं: उकिरडा, कुत्रं, बिबट्या ही एकच साखळी आहे. उकिरडा सोसायटीच्या भिंतीलगत असेल तर साखळीचं शेवटचं टोकही तिथेच येणार.

२००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या भोवती माणसांवर हल्ले खूप वाढले, कित्येक जीव गेले. जून २००४ तर फार वाईट गेला. तेव्हाची मागणी एकच होती: पिंजरा लावा, पकडा, लांब सोडा. ते केलंही जात होतं, इथे आणि जुन्नरच्या ऊसपट्ट्यातही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नरमध्ये केलेल्या अभ्यासातून उलटंच चित्र पुढे आलं. पकडून दुसरीकडे सोडल्याने हल्ले वाढत होते.

कारण असं. मोठा बिबट्या आपली हद्द राखून असतो. तिथले पाणवठे, माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा, लपायच्या जागा त्याला पाठ असतात, आणि माणसाला चुकवूनच तो जगतो. त्याला उचललं की ती जागा रिकामी होते आणि तिथे एखादा नवखा, तरणा बिबट्या येतो. उचललेला बिबट्याही जखमी, बिथरलेला, अनोळखी मुलखात येऊन पडतो आणि बरेचदा परतीच्या वाटेला लागतो. म्हणजे एका ओळखीच्या जनावराच्या जागी दोन बिनओळखीची होतात.

२०११ मध्ये उद्यानाचे तेव्हाचे प्रमुख सुनील लिमये यांच्या पुढाकाराने वनखातं, अभ्यासक, पत्रकार आणि रहिवासी एकत्र आले. ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा तो उपक्रम (एसजीएनपी ही उद्यानाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं). त्यात शिकवल्या गेलेल्या गोष्टी अगदी साध्या आहेत. अंधार पडल्यावर मुलांना एकटं बाहेर सोडू नका. वाटेवर दिवे लावा. कचरा साठू देऊ नका. आणि शौचालयं बांधा. कडेच्या वस्त्यांत घरात शौचालय नसलं की माणसं पहाटे, अंधारात, झाडीत जातात आणि उकिडवी बसतात. बसलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, लहान जनावर वाटतं. जंगलाच्या कडेला एक चालू शौचालय बिबट्याच्या दहा पिंजऱ्यांहून जास्त जीव वाचवतं असं मी म्हणेन.

यानंतर हल्ले पुष्कळ कमी झाले. संपले मात्र नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये उद्यानाला दक्षिणेकडून लागून असलेल्या आरे वसाहतीत एका बिबट्याच्या मादीने लागोपाठ माणसांवर हल्ले केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, आरेतच एका चिमुकल्या मुलीचा जीव गेला. ज्या घरात असं घडतं त्या घराला सहजीवनाचे धडे देता येत नाहीत. अशा वेळी नेमका तोच बिबट्या ओळखून पकडणं हे वनखात्याचं काम आहे, आणि ओळख पटवायला पुन्हा ती वलयंच कामी येतात.

या डोंगरांतल्या वारली पाड्यांवर वाघोबाची देवस्थानं आहेत. वाघबारसेला त्याची पूजा होते, नारळ वाढवला जातो. वाघोबा म्हणजे वाघही आणि बिबट्याही. त्याला घाबरणं आणि त्याच्यासोबत राहणं या दोन्ही गोष्टी या पूजेत एकत्र नांदतात. वनखात्याने २०११ नंतर ज्या गोष्टी पत्रकांवर छापल्या, त्यांतल्या बऱ्याच पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना आधीपासून माहीत होत्या.

आत राहणारी माणसं

नॅशनल पार्क माणसांवाचून कधीच नव्हतं. वारली, मल्हार कोळी, कोकणा असे आदिवासी इथे उद्यानाच्या आधीपासून आहेत. नंतर शहरात घर न परवडणारी हजारो कुटुंबं कडेने झोपड्या बांधून राहिली. १९९५ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने उच्च न्यायालयात याचिका केली आणि १९९७ मध्ये न्यायालयाने अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला. पात्र ठरलेल्या कुटुंबांना पैसे भरून पर्यायी घर मिळणार होतं. चांदिवलीत इमारती उभ्या राहिल्या, बऱ्याच जणांना घरं मिळाली, बरेच जण अजून अडकून आहेत. जवळजवळ तीन दशकं हा प्रश्न कोर्टाच्या तारखांवर चालू आहे.

यात एक अन्याय सतत होतो. पाड्यावरचा आदिवासी आणि काल झोपडी टाकून भाड्याने देणारा दलाल, दोघांनाही एकाच शब्दात ‘अतिक्रमण’ म्हणून मोजलं जातं. पाड्यावर आजही वीज, रस्ता, शाळा या साध्या गोष्टींसाठी झगडावं लागतं. पावसाळ्यात बोरिवली स्टेशनबाहेर शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली घेऊन बसणाऱ्या बायकांकडून भाजी घेताना ती कशी साफ करायची, शेवळाबरोबर काकडं का घालायचं, हे त्यांना जरूर विचारा. ही माहिती कुठल्या फलकावर लिहिलेली नाही.

बोगदे, रस्ते आणि एका बिबट्याचा प्रवास

२००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या बाहेर काढला गेला. त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं ‘आजोबा’. सुमारे महिनाभरात तो महामार्ग, रेल्वेमार्ग आणि शेवटी खाडी ओलांडत साधारण १२० किलोमीटर चालून नॅशनल पार्कच्या उत्तरेकडच्या नागला भागात पोहोचला. कोणालाही त्याने इजा केली नाही. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला.

त्याच्या वाटेवरून एक गोष्ट सिद्ध झाली: हे जंगल एकटं पडलेलं बेट नाही. खाडीपलीकडे तुंगारेश्वरचं अभयारण्य आहे, पुढे सह्याद्री. मधली वाट अरुंद आहे पण अजून जिवंत आहे. ती तुटली तर आतल्या आत प्रजनन होत राहील आणि पुढच्या काही पिढ्यांत रोगराई आणि दुबळेपणा वाढेल. म्हणून घोडबंदर रस्त्याचं रुंदीकरण, उत्तरेकडचे महामार्ग, रेल्वेचे नवे मार्ग यांच्या आराखड्यात प्राण्यांसाठी भुयारी वाटा आणि पूल आहेत का, हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो.

उद्यानाच्या पोटातून आता दोन मोठे बोगदे होणार आहेत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे सुमारे ४.७ किलोमीटरांचे, आणि ठाणे-बोरिवली रस्त्याचे दहा किलोमीटरांहून जास्त लांबीचे. जमिनीवरून रस्ता नेऊन जंगलाचे दोन तुकडे करण्यापेक्षा बोगदा कितीतरी बरा, हे मान्य करायला हवं. ठाण्याहून बोरिवलीला जायला घोडबंदरवर तास-दीड तास घालवणाऱ्यांची अडचणही खरी आहे. लक्ष ठेवायचं ते बोगद्याच्या तोंडांवर: तिथे किती झाडं जातात, राडारोडा कुठे टाकतात, हवा बाहेर फेकण्याची सोय कुठे करतात, खडकातले पाण्याचे झरे बिघडतात का.

कडेच्या रक्षणासाठी २०१६ मध्ये केंद्र सरकारने उद्यानाभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं. काही ठिकाणी ते अवघं १०० मीटर रुंद आहे, काही ठिकाणी ४ किलोमीटर. या पट्ट्यात खाणकाम, प्रदूषण करणारे कारखाने यांना बंदी आणि बांधकामावर नियमन असतं. आरे वसाहत ही दक्षिणेकडची कड. तिथे ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्रीत झाडं पाडायला सुरुवात झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. कारशेड शेवटी तिथेच झाली. पण त्या भांडणामुळे आरे हे जंगलाचंच अंग आहे हे कित्येकांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं.

जायचं असेल तर

बोरिवली पूर्वेला, द्रुतगती महामार्गालगत मुख्य गेट आहे. स्टेशनापासून चालत जाता येतं. सोमवारी उद्यान बंद असतं. शक्यतो आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळी लवकर जा. कान्हेरीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. सिलोंडासारख्या आतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीने, वाटाड्यासोबतच जायचं. एकट्याने आडवाटेला शिरून दरवर्षी कुणी ना कुणी हरवतं आणि मग वनरक्षकांना रात्र रात्र शोधत फिरावं लागतं.

बहुतेक लोक पावसाळ्यातच जातात, हिरवळ आणि ओढे बघायला. मी फेब्रुवारी-मार्चही सुचवेन. हे पानझडीचं जंगल आहे. साग, ऐन, कांडोळ यांची पानं गळालेली असतात, त्यामुळे आत लांबवर नजर जाते, पक्षी दिसतात, आणि निष्पर्ण फांद्यांवर काटेसावर, पळस, पांगारा फुललेले असतात. उघड्याबोडक्या झाडांना मेलेली समजू नका. पान टाकून पाणी वाचवायची ती त्यांची रीत आहे. कारवी मात्र साधारण आठ वर्षांतून एकदाच फुलते. २००८ आणि २०१६ मध्ये डोंगरच्या डोंगर जांभळे झाले होते. ते वर्ष आलं की सोडू नका, कारण फुलून बी धरलं की ते झुडूप मरतं.

माकडांना खायला घालू नका. सोबत नेलेलं सगळं परत आणा. उरलेल्या पोळीच्या तुकड्यावर आधी माकड येतं, मग कुत्रं, आणि पुढची साखळी वर सांगितलीच आहे.

आणि तुम्ही मुलुंड, ठाणे, मालाड, गोरेगाव असे कडेला राहत असाल, तर कधी ना कधी सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसेल. त्या वेळी गर्दी करू नका, मागे धावू नका, त्याला निघून जायची वाट मोकळी ठेवा. घेरलेला बिबट्या हल्ला करू शकतो. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. नुसता दिसला म्हणून पिंजऱ्याची मागणी करू नका. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सभेत तीन प्रश्न विचारा: मागच्या भिंतीजवळचा दिवा चालू आहे का, कचरा रात्री बाहेर पडून राहतो का, आणि शेजारच्या वस्तीतलं सार्वजनिक शौचालय उघडं असतं का.